धरण उतरले की : पाण्याखालची वस्ती पाहण्याची आणि नोंदवण्याची रीत

मे महिन्यात उजनी धरण 'वजा'मध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपून तळाच्या पाण्यावर, गेल्याची बातमी आली की पाठोपाठ त्यात बुडालेल्या पळसदेव गावच्या मंदिराची छायाचित्रे फिरू लागतात आणि पुण्याहून गाड्या सोलापूर रस्त्याला लागतात. बहुतेक जण मंदिरासमोर उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढतात, भिगवणला मासळीचे जेवण करतात आणि अंधार पडायच्या आत परततात. त्यात वावगे काही नाही. भिगवणची मासळी चांगलीच असते. पण जोती, विहिरी, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) आणि वाटा यांसह एक अख्खे गाव काही आठवड्यांसाठी उघडे पडलेले असताना आपण त्यातले फक्त शिखर पाहून येतो, याची मला दर वर्षी चुटपुट लागते. द्वारकेच्या समुद्रात बुडी मारण्याची संधी आपल्यापैकी फार थोड्यांना मिळेल. बुडालेली वस्ती वाचायची कशी, हे मात्र पुण्यापासून दोन-अडीच तासांवर शिकता येते, आणि एकदा ते शिकले की द्वारका, खंभात किंवा इजिप्तविषयीच्या बातम्याही वेगळ्या नजरेने वाचल्या जातात.

पहिली पायरी : पाणी कोणत्या जातीचे, ते ठरवा

वस्ती पाण्याखाली गेली म्हणजे नेमके काय झाले, हे आधी स्पष्ट हवे, कारण काय शिल्लक राहील आणि कुठे शोधायचे हे त्यावरच ठरते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेला तसा किनारा आत सरकला. ही चाल संथ असते, माणसे सामानसुमान घेऊन मागे हटतात आणि मागे उरते ते फुटके-तुटके. जमीनच खचली तर गोष्ट निराळी. जमैकातील पोर्ट रॉयल हे बंदर ७ जून १६९२ रोजी भूकंपात खचले आणि त्याचा मोठा भाग काही मिनिटांत समुद्रात गेला. पुढे तिथल्या पाण्यातून एक खिशातले घड्याळ वर आले, आणि क्ष-किरणांखाली पाहिल्यावर त्याचे काटे ११ वाजून ४३ मिनिटांवर थांबलेले दिसले. अशा जागी भांडी चुलीजवळच सापडतात. इजिप्तच्या अबूकीर उपसागरातील थोनिस-हेराक्लिऑन हे शहर आज किनाऱ्यापासून सुमारे साडेसहा किलोमीटर आत, दहा मीटर पाण्याखाली आहे. तिथे चिकणमातीच्या पायावर दगडी मंदिरांचा भार होता, आणि हादऱ्यांनी ती माती पातळ होऊन बांधकामे खाली बसली, असे त्याचे कारण दिले जाते. सागरी पुरातत्त्वज्ञ फ्रांक गोदिओ यांच्या पथकाला हे शहर २००० साली सापडले. ग्रीकांचे हेराक्लिऑन आणि इजिप्शियनांचे थोनिस ही दोन शहरे नसून एकच होते, हे तिथे मिळालेल्या एका शिलालेखाने सिद्ध केले.

तिसरी जात आपली, धरणाची. इथे बुडण्याची तारीख सरकारी कागदावर असते. लोक कौले, वासे, दारे, देवघरातले देव आणि जमेल तेवढा चिरा बैलगाडीत घालून नेतात, म्हणून मागे राहतात फक्त न हलणाऱ्या गोष्टी. चीनमधील शिचंग हे भिंतीबंद शहर १९५९ साली अशाच प्रकारे जलाशयात गेले आणि २००१ नंतर पाणबुड्यांनी त्याच्या कोरीव कमानी जागच्या जागी उभ्या असलेल्या पाहिल्या. पुणे जिल्ह्यात या जातीला तोटा नाही : भीमेवर उजनी, येळवंडीवर ब्रिटिश काळातले भाटघर, पवना, आणि त्याआधीचे मुळशी. मुळशीच्या पाण्याखाली नुसती गावे नाहीत, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून चाललेला सत्याग्रहही त्या जमिनीसाठीच होता, हे तिथे सहलीला जाताना आठवलेले बरे.

दुसरी पायरी : घरबसल्या तयारी

जाण्याआधी दोन संध्याकाळी कागदांवर घालवल्या तर जागेवरचा दिवस दुप्पट उपयोगी पडतो. प्रथम धरणापूर्वीचा नकाशा मिळवावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे आजचे नकाशे ऑनलाइन मिळतात. पळसदेव-भिगवणचा पट्टा ४७ जे या मालिकेत येतो. पण त्यांत जलाशय निळा भरलेला असतो. त्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने छापलेले १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे पाहावेत. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सर्वांसाठी खुले ठेवले आहेत, आणि त्यांत उजनीच्या जागी भीमेची नुसती वळणे दिसतात. त्यावर आजचा उपग्रह-नकाशा ठेवून नदीचे जुने पात्र, गावठाण आणि गाडीवाट अंदाजाने उतरवून घ्यावी. १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर चाळावे. आज नावापुरत्या उरलेल्या गावात तेव्हा बाजार भरत होता का, घाट होता का, याचा त्यात पत्ता लागतो.

मग पाण्याची पातळी. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी. जलसंपदा विभाग रोज जी टक्केवारी देतो ती उरलेल्या सुमारे ५४ टीएमसीची असते, म्हणूनच ती शून्याच्या खाली जाऊ शकते. वृत्तपत्रातला 'वजा' म्हणजे मृतसाठ्यातून चाललेला उपसा. पळसदेवची जागा खोलगट असल्याने तिथे आधी शिखर दिसू लागते आणि आकडा बराच खाली गेल्यावर पायथा व गावठाण मोकळे होते. पाऊसकाळ चांगला झालेल्या वर्षी ते होतही नाही. पवनेतील वाघेश्वर मंदिर त्या मानाने लवकर, उन्हाळा तापू लागला की बाहेर येते. भाटघरच्या पाण्यातले कांबरे गावचे कांबरेश्वर मात्र मे-जूनमधल्या थोड्या दिवसांचे पाहुणे. आकड्यावर नजर ठेवून एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा एखादा कामाचा वार निवडावा. रविवारी गर्दीत जोत्याचा कोपरासुद्धा मोकळा मिळत नाही.

सोबत काय न्यावे याची यादी छोटी आहे : ३० मीटरची टेप, होकायंत्र, वही आणि शिसपेन्सिल (शाई घामाने फुटते), पाणी, टोपी, आणि एक मीटर लांबीची काठी, जिच्यावर दर २० सेंटिमीटरला लाल-पांढरा रंग दिलेला आहे. ही काठी घरी अर्ध्या तासात तयार होते आणि पुढच्या सगळ्या कामाचा जीव तिच्यात असतो.

तिसरी पायरी : गाळ आणि वारा

सुकलेला गाळ फसवतो. वर भेगा पडून खापरीसारखे तुकडे झालेले दिसतात, माणूस निर्धास्त पाय टाकतो, आणि खाली तो अजून शिऱ्यासारखा मऊ असतो. मी एका वर्षी पाण्याच्या कडेने जवळची वाट म्हणून गेलो आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, बूट राहिला. जिथे गुरांचे खूर उमटून वाळलेले आहेत तिथूनच चालावे, आणि काठी आधी टेकवून मग पाऊल टाकावे.

नावेने जायचे असेल तर जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय चढू नये, आणि दुपारनंतर पाण्यावर राहूच नये. मे महिन्यात वळवाचा वारा कधी सुटेल याचा नेम नसतो. २१ मे २०२४ रोजी कळाशी आणि कुगाव यांच्यामधल्या उजनीच्या याच पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. सकाळी सहाला जागेवर असावे, अकराला परतीला लागावे. सकाळचा तिरपा प्रकाश कोरीव कामालाही लागतो, तो फायदा वेगळाच.

चौथी पायरी : मंदिराकडे सर्वांत शेवटी जा

पोहोचल्याबरोबर शिखराकडे धाव घेण्याचा मोह आवरावा. उघड्या पडलेल्या जमिनीला बाहेरून एक पूर्ण फेरी मारावी आणि मग वर्तुळ लहान करीत आत यावे. पहिल्या फेरीत फक्त सरळ रेषा शोधाव्यात, कारण पाणी आणि गाळ सरळ रेषा आखत नाहीत. दगडांची एक ओळ काही अंतर जाऊन काटकोनात वळली तर ते जोते. दोन समांतर ओळींमधून मोकळी पट्टी गेली तर ती गल्ली. गल्ली जिथे रुंदावते आणि दोन्ही बाजूंना मोठाले घडीव चिरे पडलेले दिसतात तिथे वेस असण्याची शक्यता धरावी. जोत्यांच्या आत जमिनीत पक्के बसवलेले उखळ मिळाले तर ते स्वयंपाकघर किंवा पडवी. सुटे जाते मिळाले तर काही ठरवू नये. ते पाण्याने किंवा पोरांनी कुठूनही ढकलत आणलेले असू शकते.

हा फरक, म्हणजे जागच्या जागी असलेली वस्तू आणि जागा सोडलेली वस्तू यांतला, या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. लाटांनी मातीचे थर धुऊन नेलेले असतात, त्यामुळे कालचा काचेचा तुकडा आणि सातशे वर्षांपूर्वीचे खापर शेजारी शेजारी पडलेले आढळते. दोन्ही एकाच काळातले मानले की सगळे गणित चुकले.

आता मंदिर. आपल्याकडे चुन्याशिवाय रचलेले कोणतेही दगडी देऊळ 'हेमाडपंती' ठरते. ज्याच्यावरून हे नाव पडले तो हेमाद्री (हेमाडपंत) हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला, आणि अंबरनाथचे शिवमंदिर १०६० चे. तेव्हा त्या शब्दाने काळ ठरत नाही, फार तर बांधणीची पद्धत कळते. वहीत 'हेमाडपंती' न लिहिता दिसते ते लिहावे : भिंत कोणत्या दगडाची, सांध्यात चुना आहे का, शिखर दगडाचे की विटांचे, विटेची लांबी-रुंदी-जाडी किती, खांबाचा छेद चौकोनी की अष्टकोनी, कुठे सिमेंटचा थर आहे का. पळसदेवला खालचे अंग दगडी आणि शिखर विटांचे आहे. इतकी वर्षे पाण्यात जाऊन-येऊन त्या विटांचे काय झाले आहे ते बोटाने न कोरता डोळ्यांनी पाहावे.

वीरगळांपाशी मात्र वेळ काढावा. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे सोडवण्याचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य : हा साधारण क्रम ध्यानात ठेवला की झिजलेला दगडही बोलू लागतो. शेजारी काटकोनात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. एखादा वीरगळ पालथा पडला असेल तर तो उलथवू नये, पालथा आहे एवढे लिहावे.

पाचवी पायरी : नोंद

माझ्या पहिल्या फेरीची दोनशेहून अधिक छायाचित्रे आजही माझ्याकडे आहेत आणि त्यांचा मला काडीचा उपयोग नाही. कोणता वीरगळ कुठे होता, तो केवढा होता, उत्तर कोणत्या बाजूला, काहीच त्यांतून कळत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूची तीन छायाचित्रे घ्यावीत : दुरून, आजूबाजूच्या गोष्टींसह, मधल्या अंतरावरून, काठी उभी ठेवून, आणि जवळून, तपशिलाचे. काठीचे टोक उत्तरेला करून जमिनीवर ठेवले तर मोजमाप आणि दिशा दोन्ही एका फटक्यात येतात. छायाचित्राचा क्रमांक, वेळ आणि जागा तिथेच उभे राहून वहीत लिहावी. घरी जाऊन लिहू म्हटले की राहिलेच. मोबाइलवरून त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर वस्तूभोवती फिरत फिरत, आधीच्या चित्राचा दोन तृतीयांश भाग पुढच्यात येईल अशा बेताने, सावली सारखी असतानाच सगळी छायाचित्रे घ्यावीत.

शिलालेख दिसला तर त्यावर पीठ, रांगोळी, खडू किंवा तेल फासू नये. अक्षरे वाचायला रंग लागत नाही, तिरपा उजेड लागतो; एक जण छत्री धरून सावली करतो आणि दुसरा बाजूने विजेरी मारतो, एवढ्याने पुसट ओळही उठून दिसते.

आणि कोणतीही वस्तू उचलून आणू नये, 'आठवण म्हणून' खापराचा तुकडासुद्धा नाही. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, नाणी, शिलालेख हे पुरावशेष ठरतात, आणि जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन तर १८७८ च्या कायद्यापासून आहे. महत्त्वाचे काही आढळल्यास छायाचित्र आणि जागा टिपून राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे. डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यातच आहेत. नीट नोंद घेऊन गेलेल्या माणसाचे तिथे ऐकून घेतले जाते, असा माझा अनुभव आहे.

सहावी पायरी : माणसांना काय विचारावे

उजनी धरण झाले तेव्हा वयात आलेली माणसे आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. दगड पुढच्या उन्हाळ्यातही असतील, ती असतीलच असे नाही, म्हणून ही पायरी मी खरे तर पहिली लिहायला हवी होती. 'देऊळ किती जुने?' हा प्रश्न टाळावा. उत्तर 'पांडवांनी एका रात्रीत बांधले' असेच येते, आणि त्यात ना त्यांची चूक ना आपला फायदा. त्याऐवजी रोजच्या चालण्याचे विचारावे : पाणी कुठून आणत होता, गुरे कोणत्या बाजूने जात, पालखी कुठे थांबे, बाजाराची वाट कोणती.

उजनीच्या काठावरच्या एका पुनर्वसित गावात मी एका आजींना सहज विचारले, "आजी, पाण्याला कुठं जायचात?" त्यांनी हातातले निवडणे बाजूला ठेवले आणि जमिनीवर बोटाने रेघ ओढली. "हे देऊळ. ह्या पायरीपासनं तिसरं घर आमचं. दाराम्होरं चिंच, चिंचंखालनं उतार, खाली नदी." दुसऱ्या दिवशी नातवाच्या आधाराने त्या जागेवर आल्या. तिसऱ्या जोत्यापाशी थांबल्या, चपलेने गाळ सरकवला, आणि खाली जमिनीत बसवलेल्या उखळाची गोल कड दिसली. त्या काही बोलल्या नाहीत. उखळातला गाळ मुठीने काढत राहिल्या. माझ्या आराखड्यात त्या ठिकाणी 'जोते क्र. ७' असे होते. घरी येऊन त्यापुढे घराण्याचे नाव लिहिले आणि त्या एका खुणेवरून गल्लीतल्या बाकी पाच घरांची नावेही लावता आली.

सातवी पायरी : हीच नजर समुद्राकडे वळवा

आता द्वारका. पुण्याच्या वाचकाने हे लक्षात ठेवावे की द्वारकेतले पहिले शास्त्रीय उत्खनन १९६३ साली डेक्कन कॉलेजने, ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली, गुजरातच्या पुरातत्त्व खात्याबरोबर केले, आणि तेही जमिनीवर, मंदिराच्या परिसरात. समुद्रातला शोध त्यानंतर, १९८३ पासून, एस. आर. राव यांच्या पथकाने गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे घेतला. उथळ पाण्यात घडीव दगड आणि तीन भोकांचे दगडी नांगर मोठ्या संख्येने आढळले. राव यांनी त्यांचा संबंध महाभारतातील द्वारकेशी लावला. पुढे त्याच संस्थेतील अभ्यासकांनी त्यांतील बरेच नांगर ऐतिहासिक काळातील गजबजलेल्या बंदराचे असावेत, असे मत मांडले. अडचण तीच, जी आपल्याला उजनीत सुट्या जात्यापाशी आली होती : दगडी नांगराची घडण शतकानुशतके फारशी बदलत नाही, आणि समुद्रतळावर मोकळा पडलेला नांगर स्वतःचा काळ सांगत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने तिथे पुन्हा पाण्याखालचे काम हाती घेतले आहे. त्याच्या बातम्या वाचताना आधी हे पाहावे की वस्तू जागेवर बसलेली मिळाली की सुटी.

गुजरातमधल्याच खंभातचे उदाहरण याहून बोलके आहे. २००१ साली आखातात तीस-चाळीस मीटर खोलीवर ध्वनिलहरींच्या यंत्राने भौमितिक आकार टिपल्याचे जाहीर झाले, तळ खरवडून वर आणलेल्या वस्तूंत एक लाकडाचा तुकडा होता, त्याचे वय साडेनऊ हजार वर्षे आले, आणि सर्वांत जुन्या शहराची बातमी झाली. लाकडाचे वय चुकीचे असेलच असे नाही. पण भरती-ओहोटीचा जबरदस्त ओढ असलेल्या आखातात ते लाकूड त्या आकारांच्या शेजारी वाढले, वाहून आले की बुडाले, हे खरवडून काढलेल्या वस्तूवरून कळायला मार्ग नाही. पोहून, पाहून, मोजून काढलेला आराखडा कसा असतो ते पाहायचे असेल तर ग्रीसमधील पाव्लोपेत्री ही बुडालेली प्राचीन वस्ती पाहावी : १९६७ मध्ये निकोलस फ्लेमिंग यांना तीन-चार मीटर पाण्यात ते दिसले, पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या पथकाने त्याचा नकाशा काढला, आणि २००९ मध्ये नव्या साधनांनी तो पुन्हा तपासला गेला. ग्रीसमधलेच हेलिके तर त्याच्याही पलीकडचे. इ. स. पूर्व ३७३ मध्ये भूकंपाने बुडालेले हे शहर कितीतरी काळ समुद्रात शोधले जात होते, आणि सापडले ते २००१ मध्ये किनाऱ्याच्या आत, गाळाने भरून गेलेल्या जुन्या खाजणाखाली. म्हणजे पहिल्या पायरीवरच पाण्याची जात चुकली होती.

धरणाच्या जातीत मला सर्वांत शिकण्यासारखी वाटतात ती दोन कामे. एक आंध्रातील नागार्जुनकोंड्याचे : कृष्णेचे पाणी चढण्याआधी, १९५४ ते १९६० या काळात, आर. सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली इक्ष्वाकूंची राजधानी असलेले अख्खे खोरे खणले गेले आणि निवडक वास्तू डोंगरावर हलवल्या. तो डोंगर आता बेट आहे आणि तिथे नावेने जाता येते. दुसरे इराकमधील मोसूल धरणाचे. २०२२ च्या आरंभी अवर्षणामुळे पाणी खाली गेले आणि मितानी या प्राचीन राज्याच्या काळातले, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे शहर उघडे पडले. कुर्द आणि जर्मन पुरातत्त्वज्ञांनी हाताशी असलेल्या थोड्या आठवड्यांत त्याचा आराखडा काढला, मडक्यांत ठेवलेल्या शंभरहून अधिक मृत्तिकालेखांची (मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या लेखांची) सुटका केली, आणि पाणी परतण्याआधी कच्च्या विटांच्या भिंतींवर प्लास्टिकचे आच्छादन घालून वर खडी पसरली. विटांच्या शिखराची काळजी असणाऱ्यांनी हे काम जरूर पाहावे.

शेवटचे काम जूनमधले

घाटमाथ्यावर पाऊस धरला की भीमेच्या वरच्या धरणांतून पाणी येऊ लागते आणि उजनीची कड रोज पुढे सरकते. त्याआधी एकदा जाऊन एक जागा कायमची ठरवून ठेवावी, शक्यतो पाण्याबाहेर राहणारी, जसे नव्या गावठाणाच्या कडेचा एखादा खडक. तिथे उभे राहून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेने दर वर्षी एकच छायाचित्र घ्यावे, आणि त्याच्या नावात तारीख व त्या दिवशीची धरणाची टक्केवारी लिहावी. माझ्याकडे अशी सहा वर्षांची चित्रे आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या चित्रांच्या मधे वेशीजवळचा एक घडीव चिरा नाहीसा झाला आहे. तो गाळाखाली गेला की कोणाच्या गाडीत, हे बघायला या मे महिन्यात पुन्हा जायचे आहे.